अंबाडीवर मच्छरदाणी

आई गेल्यानंतर जयपूरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात तिची अंबाडी तेवढी उरली होती. अकोल्याहून तिनेच आणलेल्या बियांची ती शेवटची रोपं. नवं बी धरेपर्यंत ती टिकवायची, एवढंच बाबांनी मनात धरलं होतं. पण रोज सकाळी मोर भिंतीवरून उतरायचे आणि कोवळी पानं ओरबाडायचे.

मोर यायचे ते शेजारच्या आंटीजींच्या ज्वारीसाठी. त्या पुण्य म्हणून दाणे टाकायच्या आणि अंगण घाण झालं की फटाका लावायच्या.

"आंटीजी, दाना भी आपका, पटाखा भी आपका?" मी विचारलं.

"भाषण मत दे, बेटी. पापा से बोल, गुलेल रख लें."

मी प्राणिमित्र चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. गलोलच काय, मुक्या जिवावर कुणाला दगडही उचलू देणार नव्हते. पण नुसत्या तत्त्वाने रोपं वाचत नव्हती. मी बाबांना म्हटलं, बारीक भोकांची जाळी घट्ट ताणून बांधू, म्हणजे पक्ष्याचा पाय अडकणार नाही.

बाबा उठले. आत जाऊन त्यांनी आईच्या पलंगावरची मच्छरदाणी सोडली. आई गेल्यापासून त्या मच्छरदाणीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. बांबू रोवून आम्ही ती अंबाडीवर ताणली. मोर आले, चोच लावून परत गेले.

संध्याकाळी बाबा उघड्या पलंगाकडे पाठ करून बसले होते. "डास फार झालेत," एवढंच म्हणाले.