आखणी माझी, रंग तिचा

बायको जाऊन आठ महिने झाले होते तेव्हा माझी वेबसाईट झाली. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. वेबसाईट म्हणजे काय ते मला अजून धड सांगता येणार नाही. दुकान आहे पण शटर नाही, एवढं मला कळलं.

माझा धंदा बोर्ड रंगवायचा. पत्र्यावर, लाकडावर, भिंतीवर. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कितीतरी दुकानांवर माझी अक्षरं होती. मग फ्लेक्स आला आणि आमची वाट लागली. पुढची वर्षं मी कांजूरमार्गला एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून काढली. तेही सुटलं.

ती गेल्यावर मला घरात बसवत नव्हतं. चहा टाकायचा, अर्धा प्यायचा, चप्पल घालायची. हायवेपर्यंत जायचं, परत यायचं, परत निघायचं. मुलगी मुलुंडला असते, ऑफिसात कामाला आहे. दर रविवारी यायची आणि मला दारातच भेटायची.

"बाबा, असे किती फिरणार? गुडघे जातील. काहीतरी करा."

"काय करू? डोळे मिटून बसू?"

"बोर्ड करा. आता लोकांना परत हाताने काढलेलं पाहिजे असतं. कॅफेवाले शोधत असतात. पण तुम्ही आहात हे त्यांना कळणार कसं?"

म्हणून वेबसाईट. फोटोला माझ्याकडे काही नव्हतं. बोर्ड झाला की गिऱ्हाईकाकडे जायचा, फोटो कोण काढणार? म्हणून मी नवीन पत्रे आणले आणि नुसती अक्षरं आखून ठेवली, सफेद पत्र्यावर काळ्या कडा. मुलीने त्यांचे फोटो काढले. मग म्हणाली, "आता तुमच्याबद्दल लिहायचं. नुसती पाटी दाखवून चालत नाही, आर्टिस्टची गोष्ट लागते. आई गेल्यावर बाबांनी परत ब्रश हातात घेतला, असं लिहू. लोक थांबून वाचतात."

माझं डोकं फिरलं. "तिच्या मरणावर गिऱ्हाईक ओढायचं नाही मला. तिचं नाव नको, फोटो नको, काही नको. लिही, मी तीस वर्षं बोर्ड रंगवले. बस."

तिने तसंच लिहिलं. लॅपटॉप मिटला आणि गेली.

मग जाहिरात. मुलीने सांगितलं होतं, लिंक सगळ्यांना पाठवा. माझ्या फोनमध्ये सगळे एकत्र असलेला ग्रुप एकच. बायको गेली तेव्हा पुतण्याने केलेला. पुण्यानुमोदनाची वेळ कळवायला गावचे, वस्तीतले, सासरचे, सगळे त्यात घातले होते. तो कार्यक्रम झाला, ग्रुप तसाच राहिला. मी त्यावर लिंक टाकली. लिंकखाली वेबसाईटवरचा माझा फोटो आपोआप आला, पांढऱ्या शर्टातला, हसत नसलेला.

दोन मिनिटांत सुरू झालं. भावपूर्ण आदरांजली. जोडलेले हात. भावपूर्ण आदरांजली. परत हात. परभणीच्या चुलतभावाने लिहिलं, "फार वाईट झाले. परवाच बोललो होतो." माझ्याशी तो दोन वर्षांत बोललेला नाही. एकाने विचारलं, "किती वाजता नेणार आहेत?"

मी एका बोटाने टाईप केलं, "मी मेलो नाही. वेबसाईट झाली आहे. उघडून बघा."

मग अभिनंदन सुरू झालं. तेच लोक, तेच हात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फोन उघडून बघत होतो किती जण आले. मुलीने ते बघायचं शिकवलं होतं. आठ वेळा कुणीतरी आलं असं दाखवत होतं, त्यात सहा वेळा मीच. दुपारी मेव्हणीचा फोन आला. बायकोची धाकटी बहीण, विक्रोळीला असते. मरणाच्या दिवसानंतर आम्ही फारसे बोललो नव्हतो.

"दाजी, वाचलं मी सगळं. अक्षरं मोठी करून वाचलं."

"बरं."

"काय बरं? 'मी तीस वर्षं बोर्ड रंगवले.' रंगवले? तुम्ही?"

"मग कोणी?"

"माझ्या लग्नात माझ्या बहिणीच्या नखात हिरवा ऑइलपेंट होता. माझी मेंदी कोण बघतंय, सगळ्या बायका तिची नखं बघत होत्या. दाजी, ती कुठाय त्यात?"

"तिचं मरण विकायचं नव्हतं मला."

"मरण कोण मागतंय तुमच्याकडं? काम कुठाय तिचं?"

मी फोन कापला. मला राग आला की मी फोन कापतो, पहिल्यापासून.

तिचं म्हणणं खरं होतं. दोरीला खडू लावून रेघ मारायचो मी. अक्षर आखायचो मी, कडा काढायचो मी. आतला रंग ती भरायची. पत्रा घरात भिंतीला टेकवून, पदर खोचून, मुलगी लहान होती तेव्हा तिला मांडीवर घेऊन. माझा हात तुटक. ब्रश उचलला की कुठे उचलला ते दिसायचं. तिचा रंग सपाट बसायचा आणि कडेला बरोबर थांबायचा. बोर्ड द्यायला मी जायचो. उजव्या कोपऱ्यात पेंटरचं नाव टाकायची पद्धत आहे, तिथे माझं नाव. गिऱ्हाईकाने तिला कधी बघितलंच नाही. आणि वेबसाईटवर नुसत्या कडांचे फोटो होते. आत रंग नव्हता, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी मुलीला फोन लावला. "ते लिहिलेलं बदल."

"मीच म्हटलं होतं ना, आईबद्दल लिहू?"

"तू तिचं मरण लिहिणार होतीस."

"आणि तुम्ही तिला पुसूनच टाकलंत."

मागे तिच्या ऑफिसात कुणीतरी हसत होतं. मग ती म्हणाली, "आईने रंगवलेलं काही उरलंय का कुठे? फोटो लागेल."

घाटकोपर पश्चिमेला एका पिठाच्या गिरणीवर आमचा एक बोर्ड होता, आहे की नाही माहीत नव्हतं. मी लगेच निघालो. बोर्ड होता. गिरणीवाला म्हातारा झालेला, माझ्याहून जास्त.

"पेंटर! जिवंत आहेस तू?"

"सगळे तेच विचारतात."

"बोर्ड बदलायचा नाही मला, आधीच सांगतो."

"बदलत नाही. पुसायला फडकं दे आणि स्टूल दे."

बोर्डावर पिठाचा थर होता. ओल्या फडक्याने पुसला. खालून लाल निघाला. 'दळण' मधल्या ळची दोन भोकं बोटाच्या पेराएवढी, त्यांच्या कडेने तिने रंग असा फिरवलाय की एक केस बाहेर नाही. मी स्टुलावरून खाली उतरायला बराच वेळ लावला. गिरणीवाला म्हणाला, "चक्कर आली का रे?" मी म्हटलं, "नाही. फोटो हलतोय."

रविवारी मुलगी आली. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. अक्षरं मी काढली, रंग माझ्या बायकोने भरला. तिचं नाव पहिलं घातलं, मग माझं.

"आई आता नाही, हे लिहायचं?" तिने हळूच विचारलं.

"लिही. एक ओळ. गिऱ्हाईकाला कळायला पाहिजे यापुढे रंग कोण भरणार ते."

त्याच ग्रुपवर मी परत लिंक टाकली. या वेळी ज्यांनी हात जोडले त्यांना मी काही बोललो नाही. मेव्हणीने दोनच शब्द लिहिले, "आता बरोबर."

बुधवारी बोरिवलीच्या एका बाईंचा मेसेज आला. घराच्या दारावर नावाची पाटी पाहिजे. "गिरणीच्या फोटोत आहे तसंच हवं, तसाच रंग." पहिलं गिऱ्हाईक. मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, झकास! हो म्हणून टाका."

मी हो म्हटलं नाही. एक तुकडा पत्रा घेतला, त्यांचं आडनाव आखलं आणि लाल रंग स्वतः भरला. दोन ठिकाणी कडेवर चढला. मधे ब्रशचे पट्टे दिसतात. उजेडात नेऊन त्याचा फोटो काढला आणि त्यांना पाठवला. खाली लिहिलं, "हा माझा हात आहे. गिरणीवरचा तिचा होता. तसा मला येत नाही. हा चालत असेल तर सांगा, नसेल तर सरळ नाही म्हणा. गोड बोलू नका."

मेसेज त्यांनी वाचला, ते दिसतंय. उत्तर नाही. मी तीनदा फोन बघितला. मग टर्पेंटाइन घेऊन तो पत्रा पुसला आणि तेच आडनाव परत आखलं. या वेळी ब्रश बारीक घेतलाय आणि कडेपासून सुरुवात केली आहे, ती करायची तशी.