सरकामामांच्या कडेची माणसं

आमच्या शाळेचे फोटो काढणाऱ्या गृहस्थांना कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. ‘अजून जरा सरका’ हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की मुलांनी त्यांचं सरकामामा करून टाकलं, आणि पुढे तेच त्यांच्या दुकानाच्या पाटीवर चढलं. माणूस बुटका, कॅमेऱ्याच्या पट्ट्याने एक खांदा उतरलेला, जीभ तिरकी. साहेबांना ‘हनुवटी वर’ आणि शिपायाला ‘पोट आत’ सांगताना त्यांचा आवाज एकच असे.

शिक्षक, कारकून, शिपाई अशा सगळ्यांचा वार्षिक फोटो शाळेच्या मधल्या चौकात निघे. चौक एवढासा, माणसं एक्केचाळीस, आणि मामांच्या पाठीशी भिंत. जगाला सरकायला सांगणारा हा माणूस स्वतः तसूभर सरकू शकत नसे. म्हणून ते रुंद लेन्स लावत. तिच्यात जवळूनही अख्खी रांग मावते. लेन्स मात्र जुनी. मधली माणसं लख्ख येत आणि दोन्ही कडांच्या चार-पाच जणांचे चेहरे ओल्या हाताने पुसल्यासारखे. असे सत्तावीस वर्षांचे सत्तावीस फोटो व्हरांड्यात ओळीने लागले होते. मामा येता-जाता पोटच्या पोरांकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी मामांना गेल्या सालच्या फोटोसमोर उभं केलं.

“हे कडेचे लोक कोण?”

“आपलेच आहेत, बाई.”

“ते तुम्ही म्हणता म्हणून. यंदा प्रत्येक चेहरा ओळखू आला पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही दुसरा माणूस बघू.”

मामा त्या दिवशी चहा अर्धा टाकून गेले. सत्तावीस फोटोंच्या शेजारी अठ्ठाविसावा दुसऱ्याच्या हातचा, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

त्यांची लेक दुकान सांभाळायची. तिने कॅमेऱ्याच्या व्यापाऱ्याकडून त्याच लेन्सची नवी आवृत्ती दोन दिवसांसाठी आणली. नाव तेच, आकडे तेच. नवीच्या नावापुढे फक्त ‘दोन’चा आकडा चिकटवलेला. व्यापाऱ्याची अट सरळ होती: जुनी द्या, नवी न्या. दोन्ही ठेवता येणार नव्हत्या.

निवाड्याला मला बोलावलं. लेकीने दुकानामागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत वर्तमानपत्रं चिकटवली आणि दोन्ही लेन्सनी फोटो घेतले. जुनीत मधले मथळे वाचता येत होते, कोपऱ्यात नुसत्या मुंग्या. नवीत कोपऱ्यातली टकलावर केस उगवण्याची जाहिरातसुद्धा पत्त्यासकट वाचता आली.

“बाबा, बघा! आणि तुमच्या फोटोत कडेच्या एकाला तरी नाक आहे का?”

“नाक असून कोणाचं काय भलं झालंय?” मामा म्हणाले. “जुनी लेन्स म्हणजे घरातली थोरली सून. सगळ्यांचं झाकून घेते.”

“आणि नवी?”

“तुझी आत्या. दिसेल ते बोलते.”

“आत्याच लागणार आहे यंदा,” लेक म्हणाली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाहिरातीकडे बोट दाखवलं. त्यांनी जुनी लेन्स सदऱ्याच्या टोकाने पुसली, तिला झाकण लावलं आणि लेकीच्या हातात दिली. “जा, देऊन ये. मी नाही येत.”

फोटोच्या दिवशी मामांनी नेहमीप्रमाणे माणसं लावली. मला डाव्या टोकाला. बावीस वर्षं माझी जागा तीच होती. “उंच माणूस कडेला खांबासारखा शोभतो, सर,” असं ते म्हणत, आणि मला ते पटलेलं होतं. अजून जरा सरका, अजून जरा, झालं. दुपारी शाळेला सुट्टी लागली आणि माणसं आपापल्या गावी पांगली.

संध्याकाळी मी दुकानात गेलो तेव्हा लेक पडद्यासमोर पोट धरून हसत होती आणि मामा डोक्याला हात लावून बसले होते. मधली तीस माणसं सुबक होती, गंभीर होती, आणि त्यांच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. कडा मात्र जिवंत होत्या. चित्रकलेचे सर आ वासून जांभई देत होते. खेळाच्या सरांनी कारकुनाच्या कानात काही सांगितलं होतं आणि कारकून वाकून हसत होता. उजव्या टोकाला शिपायाची करंगळी कानात, पार पेरापर्यंत. आणि डाव्या टोकाला मी, डोळे गच्च मिटून, तोंड किंचित उघडं.

“बाबा, सगळे नग कडेलाच कसे?”

“तिथेच ठेवतो मी,” मामा पुटपुटले. “हलणारे, जांभया देणारे, डोळे मिटणारे. कडेला पुसले जातात, कोणाला कळत नाही. आज लेन्स बदलली, पण हात जुनाच राहिला.”

“म्हणजे खांब वगैरे—” मी म्हणालो.

“सर, बावीस वर्षांत एकदा तरी डोळे उघडायचे होते.”

सुट्टीनंतर मामा फोटो घेऊन कचेरीत गेले. आधाराला मला नेलं. मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि एका टोकापासून बोट फिरवायला सुरुवात केली. कारकुनापाशी बोट थांबलं.

“हे हसतात?”

“कधीकधी,” मी म्हणालो.

“वर्षभरात मी पाहिलं नाही.” बोट शेवटपर्यंत गेलं. “चेहरे सगळे ओळखू येतात. पण शाळेची काही प्रतिष्ठा?”

“बाई, तुम्ही चेहरे मागितले होते,” मामा म्हणाले. “प्रतिष्ठा जुन्या लेन्समध्ये होती. ती मी देऊन टाकली.”

मला वाटलं, आता संपलं. बाईंनी घंटी वाजवली. शिपाई आत आला, फोटोवर वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“बाई, हा मी आहे,” तो म्हणाला. “बायको दरवर्षी विचारते, तुम्ही कुठे? मी डाग दाखवतो.”

“मग यंदा कान दाखवा,” बाई म्हणाल्या. “एक प्रत घरी न्या. आणि व्हरांड्यात अठ्ठाविसावा खिळा ठोका.”

बाहेर आल्यावर मामांनी घाम पुसला. निवृत्तांनाही फोटोला बोलवायची बाईंची कल्पना त्यांच्या कानावर आली होती.

“सर, पुढच्या वर्षी मधे बसा,” ते म्हणाले. “तुम्हाला लपवायला आता माझ्याकडे काही उरलं नाही.”