एराल्दो प्रोफेसरचं क्रियापद

एराल्दो प्रोफेसर शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झाला आणि आमचं गाव त्याच्या तावडीत सापडलं. मी न्हावी, जिनोआच्या मागच्या डोंगरात, ओढ्याकाठी माझं दुकान. दर शनिवारी तो खुर्चीत बसायचा आणि गालावर फेस असतानाही त्याचं तोंड चालूच.

दक्षिण अमेरिकेतून म्हाताऱ्यांची सेवा करायला आलेल्या बायकांना तो चर्चच्या खोलीत फुकट इटालियन शिकवू लागला. म्हणजे स्वतःचं कौतुक ऐकवू लागला. "स्पॅनिश काय, इटालियन काय, एकाच आईच्या लेकी. वेगळं शिकायचंय काय त्यात?"

नार्सिसा इक्वेडोरची. एराल्दोच्या खालच्याच मजल्यावर इर्माआजींना सांभाळायची. आजी ठार बहिऱ्या. एकदा वर्गात नार्सिसाने विचारलं, "प्रोफेसर, तुमचं 'सालिरे' म्हणजे आमचं 'सालिर'च ना?"

"अगं, तेच की! अस्सल लॅटिन." आणि त्याने तिच्या वहीत त्या दोन शब्दांपुढे लाल पेनाने बरोबरची खूण केली.

आमच्यात सालिरे म्हणजे वर चढणं आणि त्यांच्यात सालिर म्हणजे बाहेर पडणं, हे बंदरावरचा हमालसुद्धा सांगेल. पण हमालाला विचारायला प्रोफेसरला कमीपणा वाटतो.

ऑक्टोबरात भर दुपारी ओढ्याला पूर आला. गल्लीत गुडघाभर पाणी आलं. एराल्दो वरच्या गॅलरीत उभा राहून ओरडत होता, "सालीते! सालीते!" म्हणजे वर या. मधे जिन्याच्या फक्त बारा पायऱ्या. हा पठ्ठ्या एकही उतरला नाही. पायांत घरातल्या सपाता होत्या ना!

नार्सिसाने ऐकलं ते 'बाहेर पडा'. तिने आजींना पाठीवर घेतलं आणि दार उघडून सरळ पाण्यात उतरली. दहा पावलांवर दोघी आडव्या झाल्या. मी आणि बेकरीवाल्या पिनोने दोर टाकून त्यांना ओढून काढलं. तेवढ्या वेळात नार्सिसाने आजींची मान पाण्यावर धरून ठेवली होती. आजींचं खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. त्या पुन्हा चालल्या नाहीत. आजींच्या पुतण्याने नार्सिसाला त्याच आठवड्यात काढून टाकलं.

एराल्दो कॅफेत सांगत सुटला, "मी स्पष्ट ओरडलो होतो. या बायका डोकंच चालवत नाहीत."

नार्सिसाने तिथे येऊन आपली वही त्याच्या कपाशेजारी ठेवली. त्याने लाल खूण पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "लॅटिनमध्ये मूळ अर्थ उडी मारणे. त्या अर्थाने दोन्ही बरोबरच."

"मग तुम्ही का नाही मारलीत उडी?" पिनोने विचारलं.

"फुकट शिकवतो मी, फुकट!" एवढं म्हणून तो उठला. आजींना भेटायला तो एकदाही गेला नाही. मी त्याची दाढी करणं बंद केलं. तो शेजारच्या गावात जाऊ लागला, आणि तिथल्या न्हाव्याची मला कीव येते.

नार्सिसाने शहरात रात्रशाळेत नाव घातलं. दोन वर्षांनी ती परिचारिकेची परीक्षा पास झाली. नोकरी लागल्याचं सांगायला ती बेकरीतून केक घेऊन माझ्या दुकानात आली. ही बातमी कॅफेत पोचली तेव्हा एराल्दो छाती काढून म्हणाला, "माझीच विद्यार्थिनी!"

कोणी हसलंसुद्धा नाही.