जोसेफच्या फोटोला हार

आधीच सांगून ठेवतो, मी साउंडचा माणूस आहे. दिवसा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आयटीची नोकरी आणि वीकेंडला रेकॉर्डिंगचा छंद. कुणी म्हणालं "आवाज आला", की मी आधी लूज केबल शोधतो. भूतबित, आत्माबित्मा... सोडा हो! त्यामुळे कमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका, सगळ्या केबल तपासून झाल्यात.

गोष्ट २००६ ची. आमच्या शेजारी एझराकाका राहायचे. मूळचे जमैकाचे, तिथल्या रास्ताफारी पंथाचे, पांढऱ्या जटा कमरेपर्यंत. सत्तरच्या दशकात ते, त्यांचा मेहुणा नेथन आणि जोसेफ अशा तिघांनी रेगे हे जमैकाचं संगीत गाणारा ग्रुप काढला होता. दिवसा कारखाना, संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तालीम. एक रेकॉर्ड गाजली, व्हॅनमधून युरोप पालथा घातला, मग फॅशन बदलली आणि वीस वर्षं कुणी विचारलं नाही. ग्रुपचं नाव मुद्दाम देत नाही. आता फ्रान्समधल्या एका छोट्या कंपनीला या तिघांचं नवं गाणं हवं होतं, आणि नेमका त्याच हिवाळ्यात खर्जात गाणारा जोसेफ गेला. पाठोपाठ एझराकाकांच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्रच काढायचं होतं, म्हणजे आवाज कायमचा जाणार. त्याआधी हे एक गाणं व्हायलाच हवं होतं.

जोसेफच्या फ्युनरलला हे दोघं गेलेच नाहीत. मला तर रागच आला होता. काका म्हणाले, "आम्ही रास्ताफारी मरणाला मान देत नाही. जोसेफ आहे."

रेकॉर्डिंग आमच्या फ्रंट रूममध्ये. त्यांची जुनी पद्धत म्हणजे मधे एकच माइक आणि भोवती तिघं. आता दोघं उभे राहायचे आणि तिसरी जागा मोकळी सोडायचे. त्या जागेच्या मागे शेल्फवर जोसेफचा फोटो. पहिल्याच शनिवारी दुपारी मी हेडफोन लावून ऐकलं तर... खाली तिसरा आवाज! खोल, भरदार. मी केबल बदलली, माइक बदलला, शेवटी बायकोचा लॅपटॉप आणला. आवाज होताच. नेथन रडायला लागला. काका एवढंच म्हणाले, "उशिरा आला. नेहमीचंच आहे त्याचं."

मधेच साताऱ्याहून माझी आई आली. काकांची आणि तिची लगेच गट्टी. मांसमच्छी नाही, जेवणात मीठही नाही, असला पाहुणा तिला कुठे मिळायचा? "अहो एझराभाऊ, अळणी वरण केलंय, या बसा!" हिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी नाही, पण कुणाचं काही अडलं नाही.

ऑपरेशन सोमवारी होतं आणि शनिवारी शेवटचं कडवं घ्यायचं होतं. मी दुकानातून सामान घेऊन आलो तर आईनं फोटोला शेवंतीचा हार घातलेला, पुढे निरांजन लावलेलं.

"आई, अगं हे काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? गेलेल्या माणसाचा फोटो असा भुंडा ठेवतात का रे?"

मी हाराला हात घालणार, तेवढ्यात मागून काका आत आले. ओरडले नाहीत. फोटोसमोर येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मदर, तो गेलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आज तुम्ही सांगितलंत."

त्या दुपारी दोघं जीव तोडून गायले. रेकॉर्डिंगमध्ये दोनच आवाज. मी घाबरून आधीच्या फाइल्स उघडल्या, त्यांना तर मी हातही लावला नव्हता... तिथेही दोनच. मी आईला हे आणि काकांचं बोलणं, दोन्ही मराठीत समजावून सांगितलं. "माझ्या हातून हे काय झालं रे..." तिनं हार काढला, फोटोसमोर हात जोडले आणि त्या रात्री जेवली नाही. सोमवारी काकांचा आवाज गेला. फ्रेंच कंपनीनं गाणं घेतलं नाही, त्यांना तिघं हवे होते.

आई परत गेली. काका रविवारी आमच्याकडे वरणभाताला यायचे, पाटीवर लिहून बोलायचे. अशाच एका रविवारी मी आईला स्पीकरवर फोन लावला. "भाऊ जेवले का?" विचारून ती गप्प झाली, आणि फोनमधून गुणगुणणं ऐकू यायला लागलं. पुरुषाचा खर्ज... जोसेफची ओळ. काकांनी चमचा ताटात ठेवला.

"आई, तिकडे कोण गातंय?"

"इकडे कोण गाणार? मी एकटी मेथी निवडत बसलेय." ती बोलत होती आणि तिच्या आवाजाखाली ते चालूच होतं. "तुमच्याकडेच गातंय ना कुणीतरी? मी मघापासून गप्प बसून तेच ऐकतेय."

मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. आपली ओळ म्हणत होते ते, नुसतीच ओठांनी.

फोन लाइनमध्ये दुसरा कॉल घुसतो, एको येतो, हे सगळं मला कळतं. गेली कितीतरी वर्षं मी ते सगळं लावून बघतोय आणि एकही गोष्ट इथे बसत नाही. तुमच्याकडे उत्तर असेल तर खुशाल सांगा. फक्त माझ्या आईपर्यंत ते जाऊ देऊ नका.

कारण त्या दिवशी फोन ठेवताना ती रडत म्हणाली, "भाऊंचा आवाज परत आला रे! माझ्या जिवाचा घोर मिटला बघ."

मी म्हटलं, "हो आई, आला."