फुकटची मेंढरं

आणे गावच्या शाळेत गुरुजींनी हिराला पहिल्यांदा पाहिलं ते अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात, भांडताना.

“तुमी माज्या आरतीला पेल्यावानी चालती म्हनलं? सात वर्साची पोर ती! प्यायचं तर तिचा बाप पितो, आन् त्यो बी सरळ चालतो.”

गुरुजींनी पोरीला पटांगणातून चालायला लावलं. चार पावलांत ती कलंडली. हिराने भांडण सोडून तिला उचललं.

पुण्याच्या दवाखान्यात मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, आता इंजेक्शनं. गाठ काढली तर इंजेक्शनं कशाला, असं हिराने विचारलंच. तरुण डॉक्टर म्हणाला, “थोड्या पेशी उरल्या असतील. त्या बेट्या वाढीचा रस स्वतःच तयार करतात आणि त्याच्यावर स्वतःच वाढतात. शेतातलं खत समजा.”

घरी सासू बाळाबाईने नेमका ‘खत’ हा शब्द तेवढा उचलला. शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची, लेंड्या त्याला आणि बदल्यात धान्य आपल्याला, यावर तिचा जन्म गेलेला. खताचं आपल्याला कोण शिकवणार! तिने आरतीचं दूध आणि अंडी तोडली. “खत बंद, गाठ बंद.”

पोर काडी झाली. वजन भरेपर्यंत इंजेक्शन देता येणार नाही आणि फार थांबलो तर गाठ परत येईल, असं डॉक्टरने बजावलं. हिरा घरी आली ती तडक सासूपुढे बसली.

“आत्याबाई, त्या गाठीची मेंढरं गाठीतच बसल्यात. तिला आपलं दूध लागतच न्हाई. उपाशी मरतीय ती आपली आरती.”

बाळाबाई तंबाखू मळायची थांबली. “मंग मेंढक्याला धान्य कोन देतं?”

“कोनी न्हाई.”

“फुकट बसत्यात?”

“फुकट.”

“मेल्यांनी धंद्याची इज्जत घालवली!” म्हातारी उठली आणि स्वतः शेळी पिळायला बसली.

वजन भरलं, इंजेक्शनं पार पडली. गाठ काही परत आली नाही. शेकांमुळे आरतीची उंची मात्र खुंटली ती खुंटलीच. एका तपासणीला हिराने डॉक्टरला सुनावलं, “डोक्यात येवढं खत तयार व्हत व्हतं, त्यातलं वंजळभर पायाकडं सोडायचं राव!”

आता आण्यात आरतीची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या वरच्या तोंडापर्यंत तिचा हात पोचत नाही, म्हणून दळण हिराच ओतते.