जोडीचा कागद

डॉक्टरांनी मला रोज सकाळी बागेत जायला सांगितलं होतं. महिनाभर मी एकदाही गेलो नाही, आणि दर सोमवारी ‘जातो’ म्हणून सांगून आलो.

आमच्या अकोल्याचे ते डॉक्टर आता नाहीत. तुमच्यापैकी कोणी त्यांच्याकडे गेलं असेल तर ठाऊक असेल, गोळ्यांच्या आधी ते कागदाच्या माथ्यावर ‘बाग, अर्धा तास’ लिहायचे आणि चष्म्यावरून पाहत म्हणायचे, “हे मेडिकलवर भेटत नाही.” पेशंट बाहेर येऊन कुरकुरायचे, फी घेते अन् फिरायले पाठवते.

एकटा माणूस टाळाटाळ करतो, म्हणून ते दोन पेशंटांची नावं एकाच कागदावर घालत. माझी शुगर वाढलेली. माझ्या नावाखाली हिवरखेडच्या एका म्हाताऱ्याचं नाव आलं. जन्मभर भाजीचा मळा केलेला माणूस. बायको वारली, तेव्हा मुलानं इकडे तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलेला. दुखणं काही नव्हतं, जेवण तेवढं सुटत चाललं होतं. ओळख करून दिली तेव्हा त्यानं माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. “सहाले गेटवर उभा राहतो,” म्हणाला.

सहाला मी कूलरसमोर घोरत होतो. म्हातारा काय, फिरेल एकटा.

महिन्यानं शुगर आणखी चढली, तेव्हा घाबरून एकदाचा गेलो. गेटवर कोणी नव्हतं. चौकीदार म्हणाला, एक बाबाजी रोज यायचे, ऊन चढेपर्यंत उभे राहायचे. आत जा म्हटलं की म्हणायचे, जोडीदार येऊन राहिला, वाट पाहतो. आठ दिवसांपासून दिसले नाहीत.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा मी दवाखान्यात गेलो आणि माझा जोडीदार दांडी मारतो, अशी तक्रार केली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हातारा शनिवारी गेला होता. शेवटी पाणीही घेत नव्हता. दर सोमवारी तोही त्यांना सांगून जायचा, आमी दोघं फिरतो. खरं काय ते त्यांना मुलाकडून मागाहून कळलं.

मी खुर्चीत चुळबुळलो. काहीतरी बोलावं म्हणून बोललो, की बाग प्रत्येकाला मानवतेच असं नाही.

“बाग तुमच्यासाठी लिवली होती,” डॉक्टर म्हणाले. “त्याच्यासाठी तुमाले लिवलं होतं.”