लेखकाचा रकाना

तो इथे आखातात, मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहतो आणि बांधकामावर परांची बांधतो. रविवारी देरा भागातल्या माझ्या घरी, हॉलमध्ये नाटकाच्या तालमीला येतो. आल्याआल्या चपला काढून भिंतीकडे तोंड करतो, खाकरतो आणि वळतो तेव्हा राक्षस झालेला असतो.

गावी तो दशावतारात काम करायचा. त्यात कथा ठरलेली असते, पण संवाद कुणी लिहीत नाही; उभं राहिल्यावर सुचेल ते बोलायचं. एका रविवारी त्याचा राक्षस राजाकडे अर्धं राज्य मागायचा, पुढच्या रविवारी एसीवाली खोली. प्रत्येक भाषणाच्या शेवटी मांडीवर थाप आणि "खलास!"

इथे प्रयोगाच्या परवानगीसाठी लिहिलेली संहिता द्यावी लागते. म्हणून मी त्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून टाइप केलं. फॉर्मवर लेखकाचा रकाना होता. तुझं नाव घालतो म्हटलं, तर तो हसला. "माका लिवक खंय येता? तुमचा घाला."

मी घातलं. फार आढेवेढे घेतले नाहीत, हे खरं.

मंजुरी आली. त्याने संहितेचा कागद मागून घेतला आणि रूममेटकडून पुन्हापुन्हा वाचून घेऊन पाठ केला. प्रयोगात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. "खलास"सुद्धा आलं नाही, कारण टाइप करताना ते मीच गाळलं होतं. टाळ्या पडल्या, बेताच्या.

नंतर तो तोंडावरचा रंग पुसत बसला होता. मी विचारलं, "आज इतका जपून का बोललास?"

"तुमचा नाटक होता ना," तो म्हणाला.